१३ फुटांवरचा ६५ इंची टीव्ही

तक्रार आली ती मानेची. टीव्हीचं नाव नंतर निघालं.

डोंबिवली पूर्वेला माझे काका-काकू राहतात. काका रेल्वेतून निवृत्त, वय ७१. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा बंगळूरला असलेल्या त्यांच्या मुलानं दिवाळीच्या सेलमध्ये ६५ इंची ४के एलईडी टीव्ही मागवून थेट घरी पाठवला. ५८ हजारांचा. बसवणारा मुलगा आला, पाऊण तासात भिंतीवर लावून गेला. दीड महिन्यानं काकूचा फोन: "अरे, टीव्ही बघितला की मान धरते. आणि ह्यांना काही ऐकू येत नाही, सारखा आवाज वाढवत बसतात."

मागून काकांचा आवाज: "मला ऐकू येतं. टीव्हीला बोलता येत नाही!"

मग त्यांनीच फोन घेतला. माणसं जाड दिसतात. चेहरे ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे. क्रिकेट लावलं की चेंडूला शेपूट फुटते. दुपारी पडद्यावर मालिकेऐवजी आपलीच बाल्कनी दिसते. सिनेमासुद्धा मालिकेसारखा वाटतो. थोडक्यात, जुना ३२ इंची बरा होता. कंपनीचा माणूस तपासून गेला होता आणि कागदावर 'पॅनल ओके' लिहून सही घेऊन गेला होता. तो खोटं बोलत नव्हता. पॅनल खरोखरच उत्तम होतं, आणि तरीही काकांची एकही तक्रार चुकीची नव्हती. हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं वाटलं ते त्यामुळेच.

माझा धंदा याच्या जवळचा आहे. अंधेरीतल्या एका स्टुडिओत मी डीआय करतो, म्हणजे चित्रपट आणि मालिकांचे रंग, उजेड-अंधार शेवटच्या टप्प्यात ठरवण्याचं काम. त्यामुळे घरोघरच्या टीव्हींवर आमच्या कामाचं काय होतं हे बघून अनेकदा जीव कळवळतो. नातेवाइकांच्या टीव्हीला हात लावायचा नाही असा माझा नियम आहे. काकांच्या बाबतीत तो मोडला. एका रविवारी मेजरिंग टेप आणि एक एचडीएमआय केबल घेऊन गेलो.

पिवळी पिन

टीव्हीच्या मागे हात घातला आणि पहिल्याच मिनिटाला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची वायर हाताला लागली. सेट-टॉप बॉक्स २०१३ सालचा, ३२ इंची टीव्हीबरोबर घेतलेला. बॉक्स एचडी होता, पण तेव्हाही बसवणाऱ्यानं पेटीतली हीच वायर लावली होती. नव्या टीव्हीला अशा पिनांची भोकं नव्हती, तर यावेळच्या मुलानं पेटीत आलेला छोटा जोड वापरून तीच वायर पुन्हा खोचली. चित्र आलं. काम झालं.

या पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. उजेड आणि रंग एकाच तारेत कालवून पाठवण्याची ती पद्धत आहे आणि तिची झेप एसडीपर्यंतच. एसडी म्हणजे तरी काय, तर दूरदर्शनचा वारसा. आपल्याकडच्या जुन्या प्रक्षेपणात ६२५ ओळी असत, त्यांतल्या ५७६ दिसत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा तेवढ्याच ओळी, १९८२ साली रंग आले तेव्हाही तेवढ्याच, आणि आजही एसडी वाहिनी येते ती ७२० बाय ५७६ याच मापात. गुणाकार केला तर ४,१४,७२० ठिपके. ४के पडद्यावर ठिपके असतात ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४००. भागाकार बरोबर २० येतो. काकांचा टीव्ही आलेल्या एका ठिपक्याचे २० करत होता, म्हणजे एकोणीस मनानं रचत होता. चेहरे पुसल्यासारखे दिसणार नाहीत तर काय होईल?

"म्हणजे आडातच नाही," काका म्हणाले.

"आडात आहे काका. पोहऱ्याला भोक आहे."

मग जुना टीव्ही बरा का वाटायचा? ३२ इंचांपेक्षा ६५ इंची पडदा दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच, म्हणजे क्षेत्रफळ चौपटीहून थोडं जास्त. दोष तेच होते, पण पूर्वी पोस्टकार्डावर होते, आता पोस्टरवर आले. जाड माणसांचंही तसंच. बॉक्सच्या मेनूत 'टीव्हीचा आकार' या ठिकाणी ४:३ निवडलेलं होतं, जुन्या डब्याच्या टीव्हीचं माप. बॉक्स त्या मापात चित्र बसवून द्यायचा आणि टीव्ही ते ओढून १६:९ करायचा. परिणामी प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद. १२ वर्षं या घरात सगळ्या नायिका एक तृतीयांश जाड होत्या आणि लांबच्या छोट्या पडद्यावर ते कुणाच्या डोळ्यात भरलं नाही.

पिवळी वायर काढून एचडी चित्र नेणारी एचडीएमआय केबल लावली, बॉक्सचा आकार १६:९ केला, त्याचं आउटपुट ५७६ ओळींवरून १०८० वर नेलं. टीव्हीच्या मेनूत एक कलम असतं ते बहुतेकांना माहीतच नसतं: चित्राच्या कडा. बरेच टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलतात, कारण जुन्या काळी कडांना कचरा यायचा. काही कंपन्या याला 'जस्ट स्कॅन' म्हणतात, काही 'फिट टू स्क्रीन'. ते चालू केलं की आलेलं चित्र जसंच्या तसं बसतं. बातम्यांच्या पट्टीतलं शेवटचं अर्धं कापलेलं अक्षर दिसू लागलं तेव्हा काकांना ते फार आवडलं.

इतकं करूनही काकूची मालिका धूसरच. कारण तिनं लावलेला क्रमांक एसडी वाहिनीचा होता. एचडी वाहिनी वेगळ्या क्रमांकावर असते आणि तिचे पैसे वेगळे. त्यांच्या पॅकमध्ये एकही एचडी वाहिनी नव्हती. एचडी टीव्ही आहे, एचडी बॉक्स आहे, म्हणजे एचडी दिसत असणार, अशी सरळ समजूत. इथे मी सरसकट सगळा एचडी पॅक घेऊ दिला नाही. रोज बघता त्या किती? काकूच्या दोन मराठी, काकांची एक खेळाची, एक जुन्या सिनेमांची. स्टार प्रवाह, झी मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. सगळ्या मराठी वाहिन्यांच्या नाहीत. सुट्या घेतल्या. बातम्या एसडीतच ठेवल्या, कारण ओरडा एचडीत ऐकूनही तेवढाच.

खरी अडचण क्रमांकाची निघाली. काकूचं बोट गेली कित्येक वर्षं तीन आकडे न बघता दाबतं. नवे आकडे तिनं दोन दिवस शिकले आणि तिसऱ्या दिवशी परत जुन्यावर. शेवटी बॉक्सच्या 'फेव्हरिट' यादीत चारच वाहिन्या ठेवल्या आणि ते बटण तिला दाखवलं. तांत्रिक बाबतीत यात सांगण्यासारखं काही नाही, पण हे झालं नसतं तर केबल आणि पॅक दोन्हीचे पैसे पाण्यात जात होते.

भिंत

हॉल १० फूट रुंद आणि १७ फूट लांब. टीव्ही आतल्या आखूड भिंतीवर, सोफा बाल्कनीच्या बाजूला, पाठ बाल्कनीकडे. डोळ्यांपासून पडद्यापर्यंत १३ फूट. टीव्हीची खालची कड जमिनीपासून ५ फुटांवर, कारण खाली शोकेस होतं आणि ते हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आता हिशेब. ६५ इंची पडद्याची रुंदी साधारण १४४ सेंटीमीटर, उंची ८१. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या चित्राचा एक ठिपका या पडद्यावर पाऊण मिलिमीटर रुंद पडतो. चांगल्या नजरेचा माणूस साडेआठ फुटांच्या पुढे गेला की इतके बारीक ठिपके त्याला वेगळे दिसत नाहीत, एकमेकांत मिसळतात. मग ४के मधले त्याच्याही निम्म्या रुंदीचे ठिपके १३ फुटांवरून कुणाला दिसणार? म्हणजे काकांच्या बैठकीतून फुल एचडी आणि ४के यांतला बारकाव्याचा फरक डोळ्याला कळणं शक्यच नव्हतं. ४के म्हणून मोजलेले पैसे सोफ्याच्या जागेनं खाल्ले होते.

चित्रपटाच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे की पडद्यानं नजरेचे निदान ३० अंश व्यापावेत. इंचांत बोलायचं तर कर्णाच्या साधारण १.६ पट अंतर. ६५ इंचांना ते पावणेनऊ फुटांच्या आसपास येतं. १३ फुटांवरून जेमतेम २१ अंश व्यापले जात होते. आणि उंची? खालची कड ५ फुटांवर, पडदा ३२ इंच उंच, म्हणजे मध्य ६ फूट ४ इंचांवर. सोफ्यावर बसलेल्याचा डोळा असतो जमिनीपासून साडेतीन फुटांवर. काकू पुष्कळदा खाली बसून भाजी निवडत बघते, तिचा डोळा अडीच फुटांवर. मान धरणारच. तिकीट काढून थिएटरच्या पहिल्या रांगेत बसलेली बाई आणि काकू यांत फरक नव्हता.

उपाय दिसत होता: टीव्ही लांब भिंतीवर, सोफा समोरच्या लांब भिंतीला. १० फुटांतून भिंत ते डोळा हे दीड फूट आणि टीव्हीची जाडी वजा जाता सव्वाआठ फूट उरतात. वर, बाल्कनीचा उजेड समोरून पडण्याऐवजी बाजूनं येणार, म्हणजे दुपारचं प्रतिबिंब गेलंच.

काकू उभी राहिली. "मार्चमध्ये रंग दिलाय भिंतींना. एक भोक पाडायचं नाही."

माणसाला मानदुखी परवडते, भिंतीला भोक परवडत नाही. पण मी वाद घातला नाही. शोकेसच्या खालचं लांबट कपाट ओढून लांब भिंतीला लावलं, टीव्हीच्या पेटीत आलेले पाय माळ्यावरून शोधून काढले, आणि टीव्ही भिंतीवरून उतरवून त्यावर उभा केला. "आठ दिवस बघ. नाही आवडलं तर परत वर." खालची कड २४ इंचांवर आली, मध्य ४० वर. आठ दिवसांनी काकूनंच फोन केला की कपाट आवडत नाही, धूळ बसते, भिंतीवरच लाव, पण एवढ्याच उंचीवर. पुढच्या आठवड्यात ड्रिलवाला आला.

आणखी एक गोष्ट त्या आठ दिवसांत कळली. या टीव्हीचं पॅनल व्हीए जातीचं आहे. काळा रंग खरंच काळा दाखवतं, पण बाजूनं बघितलं की रंग फिकट पडतात. जेवणाच्या टेबलावरून आता चित्र तिरकं आणि पांढुरकं दिसतं. आयपीएस पॅनल असतं तर बाजूनं बरं दिसलं असतं आणि रात्री काळा रंग राखाडी झाला असता. दोन्ही एकत्र हवं तर ओएलईडी. काकांच्या मुलानं मला विचारलंही की तेच घ्यायला हवं होतं का. माझं उत्तर नाही असंच आहे: दिवसभर उजेड असलेला हॉल, आणि रोज पाच-सहा तास एकाच जागी चालणारी बातम्यांची पट्टी. ओएलईडीवर अशा न हलणाऱ्या चित्राचा डाग कायमचा बसू शकतो. फिकट जेवण चालेल.

काविळीचा वाद

आता चित्राच्या मेनूकडे वळलो. चमकदार 'व्हिव्हिड' मोड चालू होता. तो बदलून 'सिनेमा' केला, चहा झाला, परत बघतो तर व्हिव्हिड! दोनदा असं झाल्यावर लक्षात आलं. पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो, घरात वापरणार की दुकानात? बसवणाऱ्यानं दुकान निवडलं होतं. दुकानाच्या मोडमध्ये टीव्ही थोड्या थोड्या वेळानं आपली सगळी सेटिंग भडक करून घेतो, कारण शोरूममध्ये पन्नास पडद्यांच्या रांगेत त्याला उठून दिसायचं असतं. काकांचा टीव्ही दीड महिना घरात बसून गिऱ्हाईक शोधत होता. नवा टीव्ही घेतलेल्यांनी सगळ्यात आधी हे कलम बघावं.

मग एकेक. शार्पनेस ७० च्या पुढे होता. या शब्दानं सगळे फसतात. तो वाढवला की बारकावे येत नाहीत, असलेल्या रेषेभोवती पांढरी किनार येते. बातम्यांची पट्टी लावायची, अक्षरांभोवतीची ती किनार नाहीशी होईपर्यंत आकडा उतरवत जायचं. आम्ही १० वर थांबलो. 'नॉइज रिडक्शन' एचडीला बंद, एसडीला कमी. 'बॅकलाइट' आणि 'ब्राइटनेस' या दोन वेगळ्या गोष्टी: पहिली दिव्याचा जोर ठरवते, दुसरी काळा किती काळा ते. सोनीच्या टीव्हींवर मात्र ब्राइटनेस म्हणजे दिव्याचा जोर आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल', त्यामुळे दुसऱ्याच्या टीव्हीचे आकडे उचलून आपल्याला लावू नयेत. रात्रीचा एखादा प्रसंग लावायचा आणि काळ्या कोटाच्या चुण्या दिसतात का बघायचं. चुण्या दिसत नसतील तर ब्राइटनेस वाढवा. कोट राखाडी झाला तर उतरवा. घरच्या घरी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

चेंडूची शेपूट आणि मालिकेसारखा सिनेमा, या दोन्हीचं मूळ एकच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींत चालतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून ओढून-ताणून गुळगुळीत करतो. कुणी याला 'मोशनफ्लो' म्हणतं, कुणी 'ट्रूमोशन', कुणी 'ऑटो मोशन प्लस'. जी हालचाल गुळगुळीत ती मालिकेसारखी, अशी आपल्या डोळ्याला सवय, म्हणून चित्रपटाचा भारदस्तपणा जातो. क्रिकेटचा चेंडू इतका लहान आणि वेगवान की मधे तो कुठे असेल याचा टीव्हीचा अंदाज चुकतो आणि चुकलेल्या अंदाजाची शेपूट उरते. बंद केलं. काकांनी नंतर क्रिकेटपुरतं ते अगदी कमी आकड्यावर चालू केलंय, त्यांना बरं वाटतं. आपल्याकडचं प्रक्षेपण तसंही सेकंदाला ५० हालचाली घेऊन येतं, त्यामुळे गरज नाही असं माझं मत. पण घर त्यांचं.

भांडण झालं ते रंगावर. आम्ही ज्या मॉनिटरवर काम करतो त्याचा पांढरा रंग ठरलेला असतो, ६५०० केल्व्हिन. टीव्हीवर त्याच्या जवळ जाणारं सेटिंग म्हणजे बहुधा 'वॉर्म', आणि दुकानातून येणारा पांढरा असतो निळसर 'कूल'. मी वॉर्म केलं. काकू बघत राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांना कावीळ झालीय."

समजावलं की तुझ्या डोळ्याला निळ्याची सवय लागलीय. अंड्याच्या कवचाचा पांढरा आणि नीळ घातलेल्या धोतराचा पांढरा वेगळा असतो ना, तसं. "मला धोतरच बरं दिसतं," काकू म्हणाली. आणि तिच्या मालिकांतल्या साड्यांचे रंग मेले होते, हा तिचा मुख्य मुद्दा. खरं सांगायचं तर तिच्या बोलण्यात तथ्य होतं. आमची खोली अंधारी असते. तिचा हॉल दुपारी चारला लख्ख असतो. अंधारात ठरवलेलं चित्र उजेडात मरगळलेलं वाटतं, त्यात डोळ्याचा दोष नाही. म्हणून तोडगा असा: दिवसा 'स्टँडर्ड', रंग मधल्या पायरीवर, बॅकलाइट ८० च्या वर. रात्री दिवे मंद करून सिनेमा असेल तर 'फिल्ममेकर' मोड. हा मोड २०१९ मध्ये जाहीर झाला आणि आता बऱ्याच टीव्हींत असतो. एका बटणात गुळगुळीतपणा बंद, शार्पनेसची ढवळाढवळ बंद, पांढरा रंग नियमातला, चित्राचा आकार मूळचा. मेनूत शिरायचा कंटाळा असणाऱ्यानं एवढं एकच करावं. काकू अजूनही त्याला कावीळ मोडच म्हणते.

पट्ट्या

काकांचं लहानपण कोल्हापुरातलं. प्रभात फिल्म कंपनी तिथेच १९२९ साली उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. काका जन्मण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण घरात वडलांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांना ती आपलीच वाटते. प्रभातच्या बोलपटांचा पडदा जवळजवळ चौकोनी. नव्या टीव्हीवर प्रभातची ती तुतारी वाजवणारी बाई काकांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती बुटकी आणि पसरट होती, आणि मला वाटतं त्यांचा खरा राग तिथे सुरू झाला.

आता आकार मूळचा ठेवला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. उलट, रुंद पडद्यासाठी काढलेला आजचा चित्रपट लावला की वर-खाली येतात आणि पडद्याचा चौथा हिस्सा रिकामा राहतो. "एवढा मोठा टीव्ही घेऊन काळं बघायचं?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. झूम करून भरता येतं, पण मग कडेला उभा असलेला माणूस चौकटीबाहेर जातो. काकांना हे एकदाच सांगावं लागलं. यूट्यूबवर मात्र जुन्या चित्रपटांचं काही खरं नाही. कुणीतरी चढवतानाच ताणून चढवलेलं असतं, आणि अ‍ॅपच्या आत चित्राचा आकार बदलायची सोय बऱ्याच टीव्हींवर नसते. दुसरी प्रत शोधायची, एवढंच.

नेटचं थोडक्यात. ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचं, पण राउटर आतल्या बेडरूममध्ये, मध्ये दोन भिंती, आणि टीव्ही वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीत अडकलेला. टीव्हीपर्यंत जेमतेम ८ पोचत होते. ४के साठी नेटफ्लिक्स १५ सांगतं, १०८०पीला ५. दाराच्या चौकटीवरून लॅनची वायर ओढली. टीव्हीचं लॅनचं भोक बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, तेवढं भरपूर. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू केलं की प्रत्यक्ष किती रिझोल्यूशन येतंय ते दिसतं, अंदाज करावा लागत नाही. नेटफ्लिक्सचं ४के ६४९ रुपयांच्या वरच्या प्लॅनमध्येच मिळतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खातं. काका-काकू जे बघतात त्यात ४के जवळजवळ नाहीच, म्हणून घेऊ नका असंच सांगितलं. क्रिकेट डिशवरच, एचडीत. मोबाइल अ‍ॅपवरचं प्रक्षेपण मागे पडतं आणि समोरच्या इमारतीतून ओरडा आधी येतो. विकेट गेल्याचं शेजाऱ्यांकडून कळण्यात मजा नाही.

बोलता न येणारा टीव्ही

काकांचं ते वाक्य विनोद म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. टीव्ही जितके बारीक झाले तितकी स्पीकरला जागा उरली नाही. ते खालच्या कडेला बसतात आणि जमिनीकडे तोंड करून बोलतात. हॉलमध्ये टाइल्स, उघड्या भिंती, पडदे नावाला. आवाज आपटत फिरतो आणि संवादातले 'स', 'श', 'त' यांची धार जाते. आवाज वाढवला की संगीतही वाढतं, म्हणून पुन्हा कमी, पुन्हा जास्त.

फुकटचे उपाय आधी: 'सराउंड'चा खोटा परिणाम बंद केला, 'क्लिअर व्हॉइस' चालू केलं, बॉक्सचा आवाज साध्या स्टिरिओवर ठेवला. थोडा फरक पडला. जमिनीवर सतरंजी आणि बाल्कनीला जाड पडदा आला तेव्हा आणखी पडला. पडदा खरं तर उजेडासाठी घेतला होता. तरीही पुरेसं नव्हतं. मग साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर. इथे मी वॉटची जाहिरात बघू नका म्हटलं, मधला स्पीकर वेगळा आहे का एवढं बघा. संवाद तिथून येतात. ११ हजारांचा मिळाला. बरोबरचा सबवूफर, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा वेगळा डबा, काकूनं खोक्यातून बाहेर काढू दिला नाही: जागा नाही, आणि खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. बरोबरच आहे तिचं.

साउंडबार लावताना एचडीएमआयच्या ज्या भोकाजवळ 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय त्यातच वायर घालायची. बाकीच्या भोकांत घातली तर आवाज येत नाही आणि माणूस बार परत पाठवतो. पहिल्या दिवशी ओठ आधी हलत होते आणि शब्द मागून येत होते. साउंडबारमधली आवाजावरची प्रक्रिया कमी केली, तेव्हा जुळले. आणि इतकं करूनही काका एका बाजूला कान करून बसतात हे मी पाहिलं, तेव्हा काकूला बाजूला घेऊन कानाच्या डॉक्टरांचं सुचवलं. डावा कान थोडा उतरलाय असं निघालं. टीव्हीला बोलता येत नव्हतं हे खरंच, पण ते पूर्ण खरं नव्हतं.

काय लागलं आणि काय राहिलं

एचडीएमआय केबल २५० रुपये, लॅनची वायर ४००, ड्रिलवाला ७००, सुट्या एचडी वाहिन्यांचे महिन्याचे थोडे पैसे, साउंडबार ११,०००. पडदा आणि सतरंजी काकूच्या खात्यात. साउंडबार आणि पडदे सोडले तर ५८ हजारांच्या टीव्हीला १,३५० रुपये कमी पडत होते. बसवायला आलेल्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला दिवसाला किती घरं गाठायची असतात ते त्यालाच ठाऊक. पण 'डेमो' म्हणून जे दाखवतात त्यात आवाज कमी-जास्त कसा करायचा हे असतं आणि बॉक्सची वायर कुठली आहे हे नसतं.

राहिलेलं बरंच आहे. काकूची एक आवडती मालिका एसडी वाहिनीवरच येते, ती धूसर ती धूसरच. मुलाच्या लग्नाची डीव्हीडी मोठ्या पडद्यावर बघवत नाही, ती आम्ही बाजूला पट्ट्या ठेवून, चित्र लहान करून बघितली. एचडीत गेल्यापासून काकूला नायिकेच्या कपाळावरची टिकली कडेनं सुटलेली दिसते, विगची रेघ दिसते, आणि तिला त्यात कथेपेक्षा जास्त रस आहे. प्रभातची बाई आता नीट उंच उभी राहून तुतारी वाजवते. तेवढ्यापुरते काका साउंडबारचा आवाज वाढवतात.

जुन्या आखूड भिंतीवर ब्रॅकेटची चार भोकं उरली आहेत. काकूनं त्यांवर कालनिर्णय टांगलंय. एक भोक तरी दिसतंच, आणि मी गेलो की ती मला ते दाखवते.